घर भाड्याचे, पाय दुसऱ्याचे



हल्ली आपल्या लोकांच्या गाठीभेटी झाल्या की बोलणे फिरून फिरून 'शिपुत्स'वर येते. कोणी दिमोना किंवा अश्दोदला जुन्या शिकूनातला फ्लॅट घेऊन भाड्याने दिला आहे, कोणाची ठाण्या-कल्याणला आईवडिलांची खोली अजून आहे, कोणाचे भाचे-पुतणे आखातात नोकरीला असून तिकडे घर घेऊ लागले आहेत. घर भाड्याने द्यायचे म्हणजे आधी दुरुस्त करायचे, आणि दुरुस्ती म्हटली की पहिला प्रश्न: लादी कोणती घालायची?

भिंतीचा रंग दोन दिवसांत बदलता येतो. फरशीचे तसे नाही. एकदा बसवली की पंधरा-वीस वर्षे ती आपल्या बोकांडी बसते, चांगली असो की वाईट. म्हणून या अंकात फरशीविषयी चार गोष्टी लिहीत आहोत, आणि त्याही ओमानच्या निमित्ताने. इस्रायलला येण्याअगोदर, १९७८ पासून १९८६ पर्यंत, आम्ही दोघे मस्कतला होतो. नर्सिंगची नोकरी आणि रुवीमध्ये भाड्याचे घर. आता आमचा एक भाचा तिथे आहे. त्याने गेल्या वर्षी भाड्याने देण्यासाठी एक जुना फ्लॅट घेतला आणि फरशीचा प्रश्न थेट आमच्या टेबलावर आणून ठेवला.

सारूज, शेण आणि संगमरवर

ओमान म्हणजे नुसती वाळू असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तिथे डोंगर आहेत, आणि त्या डोंगरांतून संगमरवर काढून बाहेरच्या देशांतही पाठवतात. पण जुन्या ओमानी माणसाच्या पायाखाली संगमरवर नव्हता. किनाऱ्यावर खजुरीच्या झावळ्यांची घरे असत, त्यांना बरस्ती म्हणतात. त्यांत खाली वाळू आणि वर चटई. किल्ले, पाण्याची टाकी आणि 'फलज' म्हणजे पाण्याचे पाट यांना 'सारूज' वापरीत. माती भट्टीत भाजायची, कुटून बारीक करायची आणि चुन्यात मिसळायची, की असा गिलावा होतो ज्यातून पाणी झिरपत नाही. आपल्याकडे चुना आणि विटांची सुरखी मिसळत, तोच हा प्रकार. ओमानमधले पाच फलज २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले.

आपल्या कोकणातल्या घरांत तेव्हा शेणाने सारवलेली जमीन होती. मग शहाबादी फरशी आली, कडप्पा आला, मुंबईला मोझाइक लादी आली. आपल्याच कुलाबा जिल्ह्यात, उरणला, १९२२ मध्ये भारत टाइल्सचा कारखाना सुरू झाला. परदेशी लाद्यांना स्वदेशी उत्तर म्हणून सिमेंटच्या रंगीत नक्षीदार लाद्या तिथे होऊ लागल्या. आणि इस्रायलला उतरल्यावर आपल्याला मिळाली ती वीस सेंटीमीटरची ठिपक्याठिपक्यांची 'बलाता', वाळूच्या थरावर बसवलेली, आणि शुक्रवारी तिच्यावर पाणी ओतून केलेली स्पोंजा. नातवंडांना हे सर्व जुनाट वाटते. पण ध्यानात घ्या, यांतली बहुतेक फरशी थोडी खरखरीत होती. पाय ओला असला तरी एकदम सटकत नसे.

जाता जाता एक गोष्ट. मस्कतशी यहुदी लोकांचा संबंध जुना आहे. १८३५ मध्ये ओमानात फिरलेला इंग्रज आरमारी अधिकारी वेलस्टेड याने मस्कतमधल्या यहुद्यांची नोंद करून ठेवली आहे.

भाच्याचा फोन

ओमानने २००६ मध्ये कायदा करून ठरावीक पर्यटन वसाहतींत परदेशी लोकांना घर विकत घेण्याची मुभा दिली. पूर्वी 'द वेव्ह' म्हणत ती अल मौज वसाहत त्यांतलीच. आमच्या भाच्याने अशाच एका वसाहतीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. फरशीला जागोजागी तडे, न्हाणीघरात पाणी साचलेले. दुरुस्ती करून भाड्याने द्यायचा आणि भाड्यातून बँकेचा हप्ता फेडायचा, असा त्याचा हिशेब.

एके रात्री त्याचा फोन आला. "मावशी, दुकानदार म्हणतो आरशासारखी पांढरी पॉलिश टाइल घाला. सगळीकडे एकच, हॉलपासून बाथरूमपर्यंत. घर बघायला येणारा दारातच पसंत करतो."

दुकानदार खोटे बोलत नव्हता हे आधी सांगितले पाहिजे. चकाकणारी फरशी खोली मोठी दाखवते, उजेड वाढवते, फोटोत छान येते. रिकामे घर महिन्यामागून महिना बँकेचा हप्ता खाते, तेव्हा घर लवकर जाणे ही काही लहान गोष्ट नव्हे. तरी आम्ही दोघांनी त्याला एकच विचारले, "बघायला येणारा बूट घालून कोरड्या फरशीवर पाच मिनिटे उभा राहणार. त्यानंतर त्याची आई त्याच फरशीवर ओल्या पायांनी वर्षभर चालणार. तू लादी कोणासाठी घेतो आहेस?"

हे आम्ही उगाच नाही विचारले. रुवीला आमच्या शेजारच्या इमारतीत एक पुण्याचे कुटुंब राहत असे. मुलाकडे चार महिन्यांसाठी आई आली होती. न्हाणीघर आणि बाहेरचा बोळ दोन्हीकडे गुळगुळीत पॉलिश फरशी. एका सकाळी अंघोळ करून बाहेर पडताना बाईंचा पाय गेला आणि खुब्याचे हाड मोडले. इथे इस्रायलमध्ये आल्यावरही वॉर्डात आम्ही हेच पाहत राहिलो. खुबा मोडलेले म्हातारे माणूस ऑपरेशन होऊन घरी जाते, पण पुष्कळजण पूर्वीसारखे चालत नाहीत. काठी येते, मग वॉकर येतो, मग मनात भीती बसते आणि माणूस खोलीबाहेर पडेनासे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरतात, आणि त्यांत साठीच्या पुढचे सर्वांत जास्त.

खोक्यावरची अक्षरे

मग कोणती लादी पायाला धरते हे कसे ओळखायचे? हाताने चाचपून थोडेफार कळते, पण मोजमापही आहे. जर्मनीत एक चाचणी निघाली. एका फळीवर टाइल बसवतात, तिच्यावर तेल लावतात आणि एक माणूस बूट घालून तिच्यावर चालतो. फळी हळूहळू तिरकी करत नेतात. ज्या कोनावर त्याचा पाय सरकतो त्यावरून टाइलला क्रमांक मिळतो. सहा ते दहा अंशांवर सरकला तर 'आर ९', दहा ते एकोणीस असेल तर 'आर १०', एकोणीस ते सत्तावीस म्हणजे 'आर ११', आणि असेच 'आर १३'पर्यंत. अनवाणी पायांची चाचणी वेगळी, साबणाच्या पाण्यावरची. तिला ए, बी, सी अशी अक्षरे आहेत आणि सी सर्वांत पकड असलेली. इस्रायलमध्ये घसरण्याविषयीचे मानक क्रमांक २२७९ आहे. दुकानात गेलात तर कबलानच्या भरवशावर न राहता हा क्रमांक तोंडाने विचारा.

आमचा सल्ला साधा. कोरड्या खोल्यांत मॅट किंवा अर्धवट चमक असलेली 'आर ९' किंवा 'आर १०' चालेल. न्हाणीघर, बाल्कनी आणि बाहेरच्या पायऱ्यांना 'आर ११'. न्हाणीघरात लादी लहान घ्या. लहान लादीला सांधे जास्त, आणि सांध्यांनी पायाला पकड मिळते. शिवाय पाणी जाळीकडे जायला दर मीटरला एक ते दोन सेंटीमीटर ढाळ लागतो. तो लहान लादीत नीट बसतो. मोठी लादी तिथे कापून तुकडे करावे लागतात, नाहीतर पाणी कोपऱ्यात साचते आणि बुळबुळीत थर धरतो.

काही जण म्हणतील, खरखरीत लादी साफ कशी करायची? खरे आहे, फार खडबडीत लादीत मळ बसतो. म्हणून 'आर १२', 'आर १३' घरात घालू नये, ती कारखान्यांसाठी. 'आर ११'ची न्हाणीघरातली लादी ब्रश आणि साध्या साबणाने निघते.

संगमरवराचे कौतुक सर्वांना, पण भाड्याच्या घराच्या स्वयंपाकघरात तो घालू नये. लिंबू, व्हिनेगर, चिंच पडली की त्याच्यावर पांढुरका डाग उठतो, आणि तो पुसून जात नाही, कारण आंबटाने दगडच खाल्लेला असतो. वाळूतला गारेचा कणही संगमरवरापेक्षा कठीण. मस्कतमध्ये वाळू चपलेबरोबर रोज घरात येते, आणि दोन वर्षांत चमक जाते.

उष्मा, दमट हवा आणि पूर

मस्कतचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको. मस्कतजवळच्या कुरय्यातला २६ जून २०१८ रोजी चोवीस तासांतले सर्वांत कमी तापमान ४२.६ अंश होते. म्हणजे रात्रीसुद्धा त्याखाली उतरले नाही. अशा ठिकाणी भाडेकरू गेला आणि घर बंद झाले, एसी बंद झाला, की फरशी तापून फुगते. लाद्या एकमेकींना खेटून, भिंतीला टेकवून बसवल्या असतील तर फुगायला जागा नसते. मग एके दिवशी खोलीच्या मधोमध दोन लाद्या तंबूसारख्या वर उठतात. म्हणून दोन लाद्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट हवी आणि भिंतीच्या कडेला स्कर्टिंगखाली झाकली जाईल अशी मोकळी जागा हवी. बेर शेवाला नेगेवच्या उन्हातही हेच लागू.

लाकडासारखी दिसणारी लॅमिनेट फरशी भाच्याला फार आवडली होती. समुद्राकाठच्या दमट हवेत, बंद घरात, तिच्या कडा फुगतात. जून २००७ मध्ये गोनू वादळात मस्कतच्या कुरुम भागात पाणी शिरले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहीन वादळ बातिना किनाऱ्यावर धडकले. पाणी घरात आले की लॅमिनेट उचलून फेकावी लागते. टाइलवरचा चिखल मात्र धुऊन काढता येतो. लाकडाची हौस असेलच तर लाकडाच्या रंगाची पोर्सेलिन टाइल मिळते.

आणखी एक बारीक गोष्ट. व्हिट्रिफाइड आणि पोर्सेलिन टाइल जवळजवळ पाणी पीत नाही, अर्ध्या टक्क्याहून कमी. त्यामुळे जुन्या पद्धतीने नुसत्या सिमेंटवर ती नीट चिकटत नाही; तिला चिकटवायचा खास मसाला लागतो. मिस्त्री भारतातला असो, पाकिस्तानातला की बांगलादेशातला, त्याला हे काम सुरू होण्याआधी सांगायचे. आणि तो मसाला टाइलच्या पूर्ण पाठीला लागला पाहिजे, चार कोपऱ्यांना चार गोळे नव्हेत.

सांधे भरायला स्वयंपाकघरात इपॉक्सी ग्राउट घ्यावे. महाग पडते, पण त्यात तेल आणि हळद मुरत नाही. आपल्या बायकांना याचा दुसराही फायदा कळेल: पेसाहच्या आधी सांध्यांतून ब्रेडचा चुरा काढत बसावे लागत नाही.

कठड्याची आज्ञा

तोराच्या पाचव्या पुस्तकात, देवारीमच्या बाविसाव्या अध्यायात, नवीन घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे की गच्चीला कठडा घालावा. वरून कोणी पडले तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल. कोकणात आपली घरे कौलारू, गच्चीच नाही, त्यामुळे आपल्या आजोबांना ही मित्झवा पाळायची वेळ क्वचितच आली असेल. पण तालमूदमधल्या शहाण्यांनी ती गच्चीपुरती ठेवली नाही. घरात चावरा कुत्रा बाळगू नये, मोडकी शिडी उभी ठेवू नये, हेही त्यांनी त्याच आज्ञेखाली आणले. आणि वायिक्रात आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवण्याची मनाई आहे.

आम्हांला वाटते, भाड्याच्या घराची फरशी याच खात्यात बसते. आपल्या स्वतःच्या घरात फरशी निसरडी असली तर आपल्याला माहीत असते, आपण जपून चालतो. भाडेकरूला माहीत नसते. त्याला लादी निवडायचा अधिकारही नसतो. तो पैसे देतो आणि आपण जे घातले त्याच्यावर चालतो. भाडे आपण घेतो, पडण्याचा धोका मात्र त्याच्या आईच्या खुब्याला. म्हणून घरमालकाने निवड करताना थोडा वेळ भाडेकरूच्या चपलेत पाय घालावा, किंवा खरे म्हणजे चपला काढून ओल्या पायांनी उभे राहावे.

नर्स म्हणून आणखी तीन गोष्टी. फार चकाकणारी फरशी मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला ओली दिसते, आणि खरोखर ओली असते तेव्हा ओळखू येत नाही. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची नक्षी म्हाताऱ्या माणसाला पायरीसारखी भासते. तो उगाच पाय उचलतो आणि तोल जातो. आणि खोलीच्या दारात लादीची दीड-दोन सेंटीमीटरची धार राहिली तर ठेच लागायला तेवढी पुरते. जुन्या लादीवरच नवी बसवली की अशी धार हमखास येते. तोडफोड वाचते हे खरे, पण जुनी लादी घट्ट असेल तरच तसे करावे, आणि दारांत उतार करून घ्यावा.

घेण्याआधी लक्षात ठेवा

१. दुकानात नमुना ओला करून, बूट काढून त्याच्यावर उभे राहा.

२. खोक्यावरचा रंगाचा आणि मापाचा क्रमांक सगळ्या खोक्यांवर एकच आहे का ते पाहा. वेगळा असेल तर बसवल्यावर फरक दिसतो.

३. मोजलेल्या जागेपेक्षा दहा टक्के जास्त घ्या. शंभर चौरस मीटर असेल तर एकशे दहा. साठ सेंटीमीटरच्या चार लाद्यांचे खोके १.४४ चौरस मीटरचे, म्हणजे ७७ खोकी.

४. काम झाल्यावर उरलेली दोन-तीन खोकी माळ्यावर ठेवा. पाच वर्षांनी एक लादी फुटली तर तशीच बाजारात मिळत नाही.

५. मिस्त्रीचे पैसे चुकते करण्याआधी प्रत्येक लादीवर नाणे वाजवा. भरीव आवाज आला तर ठीक. बद्द वाजली तर खाली पोकळ आहे. ती काढून पुन्हा बसवायला सांगा. आपल्या जुन्या शिकूनातल्या वाळूवरच्या फरशीला मात्र ही परीक्षा लावू नका, तिचा आवाज मुळातच वेगळा.

६. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओता आणि दहा मिनिटांनी पाहा. कोपऱ्यात डबके राहिले तर ढाळ चुकला.

मुलांसाठी

मुलांनो, घरात उरलेले लादीचे दोन तुकडे शोधा, एक भिंतीवरचा आणि एक जमिनीवरचा पोर्सेलिनचा. दोन्ही उलटे ठेवा आणि पाठीवर पाण्याचा एकेक थेंब टाका. भिंतीवरच्या टाइलमध्ये थेंब पाहता पाहता शोषला जाईल. तिच्यात दहा टक्क्यांहून जास्त पाणी मावू शकते. पोर्सेलिनवर तो थेंब तसाच बसून राहील. आता सांगा, भिंतीवरची टाइल बाल्कनीत का घालत नाहीत? मग आजी-आजोबांना त्यांच्या गावच्या घराची जमीन कशी होती ते विचारा. शेणाचा सडा कसा घालत, आणि त्यावर रांगोळीचे ठिपके शेजारच्या बाया कशा काढत, हे ते सांगतील.

भाच्याने शेवटी काय केले? हॉल आणि खोल्यांत फिकट बदामी मॅट पोर्सेलिन, न्हाणीघरात आणि बाल्कनीत लहान 'आर ११'. बाल्कनीला मुद्दाम फिकट रंग, कारण गडद लादी उन्हात तापून पाय भाजते. घर दुसऱ्या महिन्यात गेले. चकाकती फरशी असती तर कदाचित पहिल्याच महिन्यात गेले असते, असे तो अजून म्हणतो; एका महिन्याचे भाडे बुडाले ते बुडालेच. भाडेकरू केरळचे कुटुंब आहे, दोन लहान मुले आणि आजी. आजीबाईंनी राहायला आल्या त्या दिवशी एकच गोष्ट मागितली: न्हाणीघरात भिंतीला धरायला एक दांडी. भाच्याने ती दुसऱ्याच दिवशी बसवून दिली.

तुमच्यापैकी कोणी यंदा शिपुत्स काढणार असाल तर ती दांडीही यादीत घाला, लाद्या बसवण्याआधीच, म्हणजे नंतर नवी लादी भोसकावी लागत नाही.

सर्वांना उदंड आरोग्य लाभो. शालोम.